मान एकीची, घोडी दुसरीची

जुनी गिटार विकत घेताना तिची मान सरळ आहे का ते आधी बघावं, असं सगळे जाणकार सांगतात. विकणाऱ्याची मान कशी हलते तेही बघावं, हे मात्र एकही जाणकार सांगत नाही. माझा विकणारा प्रत्येक प्रश्नाला मान हलवायचा, पण ती हो आणि नाही यांच्या बरोबर मधून जायची.

"ओरिजिनल आहे ना?"

मान हलली.

"म्हणजे आतले पार्ट बदललेले नाहीत?"

तशीच हलली.

"की बदललेत?"

अगदी तशीच हलली.

"कंपनीची आहे," शेवटी तो म्हणाला.

"कुठल्या कंपनीची?"

"मोठ्या."

यापुढे विचारणं मला असभ्यपणाचं वाटलं. मध्यमवर्गीय माणूस भिडेपोटी फसतो. समोरच्याला खोटं पाडण्यापेक्षा आपण मूर्ख ठरलेलं त्याला परवडतं. मी गिटार खोळीत घातली, खोळ खांद्याला लावली आणि मोठ्या कंपनीची वस्तू घेऊन घरी आलो. तिचा रंग एके काळी पांढरा असावा. आता तो जुन्या दातांसारखा झाला होता. जाणकारांच्या मते ही चांगली खूण आहे. दातांच्या डॉक्टरांचं मत वेगळं पडेल.

ही गिटार मला का हवी होती ते सांगून टाकतो. माझं जिच्याशी लग्न ठरू पाहत होतं, तिच्या वडिलांचा माणसांवर विश्वास नाही. विमा कंपनीसाठी ते नुकसानीची पाहणी करतात. जळालेली दुकानं, भिजलेली गोदामं, खड्ड्यात स्वतःहून शिरलेल्या गाड्या. राखेजवळ उभा राहिलेला माणूस किती आणि कसं खोटं बोलतो, हे ऐकण्यात त्यांची हयात गेली. ओळखीचे लोक त्यांना माघारी 'पंचनामा' म्हणतात. मुलीसाठी आलेल्या एका स्थळानं त्यांच्या घराचं कौतुक केलं, तर त्यांनी त्याला घालवून दिलं. उगाच कोण कौतुक करेल? दुसरा गप्प बसला, तर त्यालाही घालवलं. काहीतरी लपवतोय.

तेव्हा तिनं डोकं चालवलं. "बाबा, त्याला जुन्या इलेक्ट्रिक गिटारींची पारख आहे. खरी की खोटी ते बघून सांगतो," असं तिनं ठोकून दिलं. बाबांना ज्यातलं काही कळत नाही असा तेवढाच एक विषय शिल्लक होता.

"असं?" बाबा म्हणाले. "रविवारी बोलाव त्याला. बरोबर एक गिटार आणू दे. माझ्यासमोर पारखू दे. खोटं बोलताना सापडला, तर या घरात त्याचं नाव परत निघणार नाही."

म्हणजे रविवारपर्यंत मला एक गिटार आणि एक पारख, दोन्ही मिळवायचं होतं. गिटार सेकंडहँड मिळाली. पारखही तशीच मिळवायची ठरवून मी मोबाइलवर रात्रंदिवस वाचत बसलो.

आईनं गिटार उलटीसुलटी करून पाहिली. "याला भोक कुठंय?"

"इलेक्ट्रिकला भोक नसतं, आई. ती आतून भरीव असते."

"भरीव? मग यात ठेवायचं काय?"

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका आले. काकांना कुठल्याही वस्तूबद्दल संशय घ्यायला बोलवावं लागत नाही. अनेक वर्षांपूर्वी त्यांना एका फ्रिजनं फसवलं. तेव्हापासून ते सगळ्या जगाकडे त्या फ्रिजचे नातेवाईक म्हणून बघतात.

"लोहचुंबक लावून बघ," ते म्हणाले. "अस्सल मालाला चिकटत नाही."

त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं. (ते खिशात का होतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.) तारांखाली जे लांबट डबे असतात त्यांच्याजवळ नेताच ते खाडकन चिकटलं आणि निघेना. काकांनी माझ्याकडे, एखाद्याच्या घरी दुःखद बातमी घेऊन आल्यासारखं पाहिलं.

"काका, ते पिकअप आहेत. ते स्वतःच चुंबक असतात. त्यांच्याभोवती तांब्याची तार गुंडाळलेली असते, त्यानं आवाज पकडला जातो."

"म्हणजे आपण चोरालाच विचारलं, चोर कोण म्हणून," काका म्हणाले. "उघड ती. बाहेरून सगळं छानच असतं. आमचा फ्रिज बाहेरून काय वाईट होता?"

उघडायला नको होती. पण एकदा संशय आला की स्क्रू ड्रायव्हर सापडतोच. एरवी तो या घरात कधी सापडत नाही.

मागचे चार स्क्रू काढल्यावर मान अंगापासून वेगळी झाली. मानेच्या खालच्या टोकाला, एरवी झाकलेल्या जागी, पेन्सिलीनं साल लिहिलेलं होतं. समोरची प्लॅस्टिकची पट्टी काढली, तर आवाज कमी-जास्त करायच्या बटणांच्या पोटातही सालाचे आकडे ठोकलेले होते. दोन्ही सालं जुळवून पाहिली. मान अंगापेक्षा पुष्कळच थोरली निघाली.

"डोकं आधी जन्मलं आणि अंग मागाहून आलं," काका म्हणाले. "मान एकीची, अंग दुसरीचं. सावत्र प्रकरण आहे हे."

पट्टीखाली वायरींसाठी अंगात कोरलेली पोकळी होती, तिच्यात मी टॉर्च मारला. आत काळा रंग फासलेला होता. त्यावर ओरखडे दिसले म्हणून मी नखानं थोडं खरवडलं. लाकडावर कोरलेली अक्षरं वर आली. मी वाचली. काकांनी वाचली. आईनं चष्मा लावून वाचली.

*परत दे.*

कुणी कुणाला म्हटलं होतं, कळायला मार्ग नव्हता. काकांनी दोन्ही हात हळूच खिशात घातले. "मी कशाला हात लावलेला नाही हं. तूच उघडलीस. वहिनी, तुम्ही साक्षीला आहात."

"चोरीची आहे!" आई म्हणाली.

विकणाऱ्याला फोन लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई मला अतिशय गोड आवाजात म्हणाली. माझ्या आयुष्यात त्या काळात माझ्याशी गोड बोलणारी तेवढीच.

मग मी पोलीस चौकीत गेलो. प्रामाणिक माणसानं तिथे स्वतःहून जाऊ नये, ही शिकवण मला तिथे मिळाली.

"तक्रार काय?" टेबलामागचा हवालदार म्हणाला.

"एक गिटार चोरीची आहे का ते बघायचं होतं."

"कुणाची हरवलीय?"

"कुणाचीच नाही. माझ्याकडे आहे."

त्यानं पेन खाली ठेवलं. "वस्तू तुमच्याकडे आहे, आणि तुम्ही तक्रार करताय की ती आहे?"

"म्हणजे ती दुसऱ्याची असेल तर..."

"मग दुसऱ्याला पाठवा."

"तो कोण ते माहीत असतं तर कशाला आलो असतो?"

"हे बघा, ती चोरीची आहे असा अर्ज द्या."

"तसा दिला तर तुम्ही मलाच धराल!"

"तो नंतरचा भाग झाला," तो समजुतीच्या स्वरात म्हणाला. "आधी अर्ज तर येऊ दे."

मी गिटारचं नाव मागे घेतो असं सांगून निघालो. जाताना त्यानं माझा पत्ता विचारला. मी काकांचा सांगितला.

घरी येऊन गिटार जोडून ठेवली आणि नवंच संकट उभं राहिलं. तारा मानेपासून इतक्या वर गेल्या की खालून उंदीर ताठ मानेनं जावा. कारण उशिरा कळलं. मान काढताना तिच्या खाचेतून पुठ्ठ्याचा एक चिंधीएवढा तुकडा पडला होता आणि आईनं तो केरात टाकला होता. तो केर नव्हता. मान किंचित तिरकी बसावी म्हणून कुणीतरी ठेवलेली ती पाचर होती. मी तसाच दुसरा तुकडा कापून घालू शकलो असतो. पण तेवढी पारख असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

म्हणून मी मास्तरांकडे गेलो. आमच्या भागात वाद्यं दुरुस्त करणारे ते एकटेच. उभा जन्म व्हायोलिनं दुरुस्त करण्यात गेलेला, त्यामुळे बाकीच्या वाद्यांकडे ते बिघडलेली व्हायोलिनं म्हणून बघतात. त्यांनी गिटारला लांबूनच लाकडी पट्टीनं टोचलं.

"शॉक बसेल."

"मास्तर, ती कशाला जोडलेली नाही."

"न जोडलेल्या वस्तूनंच माझा मेव्हणा गेला."

"शॉक लागून?"

"नाही. घरातून गेला. माझा मिक्सर घेऊन." त्यांनी गिटारच्या पोटावर टकटक केलं. "याला पोट नाही. पोट नाही तर सूर राहणार कुठे? असो. हिची घोडी उंच आहे. बदलावी लागेल."

घोडी म्हणजे तारा ज्या आडव्या भागावरून जातात तो भाग. इंग्रजीत त्याला ब्रिज म्हणतात, पण मास्तरांच्या दुकानात इंग्रजी चालत नाही आणि मलाही तो शब्द आवडला. पारख असणारा माणूस असे शब्द वापरत असावा. बाहेर येऊन मी लगेच तिला फोन केला.

"ऐक, जुनी घोडी काढून टाकतोय. नवी बघितलीय. मास्तर म्हणाले, त्यांच्या हातून एकही घोडी वाया गेलेली नाही."

"घोडी?" ती म्हणाली. मागे पाण्याचा आवाज येत होता.

"हो गं. सगळं आता त्या घोडीवर आहे. माझं होतं नव्हतं ते तिच्यावरच लावलंय. रविवारी तुझ्या बाबांसमोर जिंकलो म्हणून समज. घोडामैदान जवळच आहे."

तिचे हात ओले होते म्हणून तिनं फोन स्पीकरवर ठेवला होता. शेजारच्या खोलीत बाबा वर्तमानपत्र वाचत होते. हे मला नंतर कळलं, पण वाचकांना आत्ताच सांगतो. कुणाला अंधारात ठेवायला मला आवडत नाही. मला ठेवलं तेवढं पुरे.

बाबांनी मुलीला काहीही विचारलं नाही. विचारलं की समोरचा सावध होतो. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, मुलीच्या मोबाइलवर माझा फोटो पाहून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी माझं ऑफिस सुटायच्या वेळेला या जुगारी, घोड्यांच्या नादी लागलेल्या जावयाच्या पाळतीवर उभे राहिले.

मी त्यांना तोवर पाहिलेलं नव्हतं. मला एवढंच दिसलं की टोपी घातलेला एक माणूस मागून येतोय. मी पानाच्या टपरीशी थांबलो, तो खांबाशी थांबला. मी रस्ता ओलांडला, त्यानं ओलांडला. शेवटी खात्री करायला मी वाकून बुटाची नाडी बांधली. तोही वाकला आणि नाडी बांधू लागला. त्याच्या पायात चपला होत्या.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात चोरी न करताच लख्ख पौर्णिमा पडली. हाच तो! परत दे म्हणणारा! गिटारचा मूळ मालक!

मी धावत मास्तरांच्या दुकानात शिरलो. मास्तर आतल्या खोलीत सरस तापवत होते. नवी घोडी बसवून खोळीत घातलेली गिटार गल्ल्याच्या आडोशाला होती. मागोमाग तो माणूस आत आला. त्यानं भिंतीवरची व्हायोलिनं पाहिली, खालचा भुसा आणि लाकडाचे तुकडे पाहिले, आणि अड्डा किती हुशारीनं लपवलाय अशी मान डोलावली.

"इथे घोड्या मिळतात म्हणे," तो हळू आवाजात म्हणाला.

"मिळतात," मी म्हटलं. खोटं बोलून उपयोग नव्हता.

"तुझी कुठली?"

"सध्या... माझ्याकडे आहे. माझी म्हणवत नाही."

"कशी आहे?"

"आधीची फार उंच होती. ही पक्की आहे."

"जातीवंत?"

"तुमच्यापासून काय लपवायचं? मान एकीची आहे, अंग दुसरीचं."

त्यानं रुमाल काढून कपाळ पुसलं. मग एकदम आवाज चढवला. "आणि तिच्या घरच्यांना हे ठाऊक आहे?"

"आता तुम्ही आलात म्हणजे ठाऊक झालंच की."

तो दोन पावलं मागे सरला. "तू ओळखलंस मला?"

"चपलांची नाडी बांधलीत तेव्हाच."

"मग लाज कशी वाटत नाही?"

"वाटते! देवाशप्पथ वाटते! मला एकानं गळ्यात मारली हो. दुसऱ्याची आहे हे माहीत असतं तर बोटसुद्धा लावलं नसतं. घेऊन जा तुम्ही. फक्त पोलिसांत जाऊ नका, तिथे मी आधीच जाऊन आलोय!" असं म्हणून मी खोळ उचलून त्याच्या कवेत दिली आणि दुकानातून पळालो. पळताना मागून "अरे, काय आहे हे?" असं ऐकू आलं. आपली वस्तू इतक्या वर्षांनी मिळाल्यावर माणूस गहिवरतो, अशी मी स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळी तिला सांगितलं, "गिटार मूळ मालकाला देऊन टाकली."

"कोण होता?"

"टोपी घातली होती त्यानं."

"नाव?"

"भावनेचा प्रसंग होता, नाव कसं विचारणार?"

"रविवारी बाबांना यातलं अक्षर सांगू नकोस," एवढंच ती म्हणाली.

रविवारी मी केस चापूनचोपून बसवले आणि रिकाम्या हातांनी तिच्या घराची बेल वाजवली. दार टोपीवाल्यानं उघडलं.

"इथेही आलात?" मी म्हटलं.

"मी इथेच राहतो," तो म्हणाला.

ज्या क्षणी माणसाला धरणी दुभंगायला हवी असते, त्या क्षणी नेमकी पायाखाली फरशी असते. मागे ती उभी होती. तिच्या चेहऱ्यावर एकेक तुकडा जुळत गेलेला मला दिसला आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसू की रडू, ते बोटांमागे राहिलं.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं. वाट्यांमधून उरलेले स्क्रू वेगवेगळे ठेवले होते, शेजारी भिंग, टॉर्च आणि मोजपट्टी. मधोमध माझी गिटार, पुन्हा जोडलेली. मी पळाल्यावर मास्तरांनी बाहेर येऊन त्यांना घोडी म्हणजे काय ते दाखवलं होतं. रेसचा संशय फिटल्यावर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं असावं. त्यांनी तो सगळा गिटारवर काढला.

"आम्ही हल्ली मांडीवर ताटं घेऊन जेवतो," तिची आई मला म्हणाली. "टेबलाचा पंचनामा चाललाय."

"बस," बाबा म्हणाले. "नाही, आधी उभा राहा. ओळख ना पाळख, एक माणूस येतो, दरडावतो, आणि तू हातातली वस्तू देऊन पळतोस. उद्या कुणी येऊन म्हणाला, ही बायको माझी आहे, तर? तीही देशील?"

यावर काय बोलावं मला कळेना. तिच्या आईला कळलं.

"आणि तुम्ही हो? तुमची होती का ती? दिली तशी बगलेत मारून घरी आलात!"

"ताब्यात घेतली," बाबा म्हणाले.

"कुणाच्या हुकमानं?"

बाबांनी भिंग उचलून पुसलं. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. नवऱ्याच्या बाजूनं पुरावा नसला की तो काहीतरी पुसतो.

"ते जाऊ दे," ते माझ्याकडे वळले. "चोरीची नाही ही. तू थोडंच खरवडलंस. आजूबाजूचा काळा रंग काढला तर सबंध वाक्य निघालं: *पैसे परत देणार नाही.* कुणातरी दुरुस्तीवाल्यानं स्वतःच्या सोयीसाठी कोरून ठेवलंय. मान खरोखर जुनी आहे. अंग मागाहूनचं. तीन पिकअपपैकी मधला बदललेला, त्याच्या वायरी वेगळ्या आहेत. दुकानात तू जे जे बोललास त्यातला शब्दही खोटा नाही."

"म्हणजे...?" ती आशेनं म्हणाली.

"म्हणूनच संशय येतो! इतकं खरं कुणी बोलतं का? याला या वस्तूबद्दल सगळं येतंय असं दाखवायचं आहे. तीस वर्षांत मी बघितलंय, ज्याला सगळं येतं तो हमखास काहीतरी पेटवून आलेला असतो."

त्यांनी शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या स्पीकरची वायर गिटारला जोडली. खोलीभर घूं असा आवाज भरला. तिची आई हात पुसत येऊन बसली. बाबांनी गिटार उचलून माझ्या गळ्यात अडकवली, दोन पावलं मागे जाऊन हाताची घडी घातली.

"वाजव."

मी मानेकडे पाहिलं. घोडीकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं. तीही उत्सुकतेनं माझ्याकडेच बघत होती. तेव्हा मला समजलं की हा विषय आमच्यात कधी निघालाच नव्हता.

"येत नाही," मी म्हटलं.

"काय येत नाही?"

"वाजवायला."

"एखादं साधंसं काहीतरी."

"साधंसुद्धा नाही. धरतात कशी तेही मी आत्ताच पाहिलं, तुम्ही गळ्यात घातलीत तेव्हा."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?" ती ओरडली.

"कुणी विचारलंच नाही! पारख आहे का एवढंच सगळे विचारत होते."

गिटार माझ्या पोटावर घूं करत राहिली. बाबा जवळ आले. जळालेल्या गोदामांकडे ते ज्या नजरेनं बघत असतील, त्या नजरेनं त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी खोटं बोललो असतो तर काय फायदा झाला असता, याचा हिशेब त्यांच्या कपाळावर चाललेला दिसत होता. तो कुठूनही जुळत नव्हता. हळूहळू त्यांच्या भुवया खाली आल्या. भुवया खाली आल्यावर ते बरेच बरे दिसतात.

त्यांनी स्पीकर बंद केला. मग टेबलाशी गेले, स्क्रूच्या वाट्या एकेक करून कपाटावर ठेवल्या आणि वर्तमानपत्र गोळा करता करता बायकोला म्हणाले,

"ताटं इथेच मांड. चार."